परभाषेचें अध्ययन आणि आपल्या कपाटांतील एक वही

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सभागृहांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सव समितीनें आम्हांस जो विषय नेमून दिला, तो ऐकून आपल्यापैकीं कित्येकांस नवल वाटलें असेल. विद्यापीठांत परकीय संस्कृति व युरोपीय भाषा यांचें अध्ययन हा विषय पुण्यामुंबईच्या सभेस शोभेल. परंतु वैनगंगेच्या कांठीं, जेथें मृग निघाला कीं पऱ्हे टाकावे, आषाढांत रोवणी उरकावी आणि दिवाळीनंतर धान घरांत आणावें हाच पंचांगाचा मुख्य अर्थ, तेथें ह्या विषयाचें प्रयोजन काय, असें कोणी विचारल्यास तें अगदीं रास्त होय. आम्हींही समितीस तेंच विचारलें. उत्तरादाखल समितीच्या चिटणीसांनीं कपाट उघडलें आणि आमच्या हातांत एक वही ठेवली.

वहीची शिवण सुटलेली आहे, कडा वाळवीनें खाल्लेल्या आहेत, शाई कित्येक ठिकाणीं विटून तपकिरी झाली आहे. आपला धर्मग्राम स्वतंत्र होण्यापूर्वीं नागपूर-कामठीकडून जे युरोपियन फादर येथें दौऱ्यावर येत असत, त्यांपैकीं एकाची ती रोजनिशी होय. मधून मधून तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली हीं नांवें रोमन अक्षरांत ओळखूं येतात, आंकडे कळतात, कोणा कोणाचीं बाप्तिस्म्याचीं नांवें लागतात. बाकी सारा मजकूर फ्रेंच भाषेंत आहे. आज आपल्या हातीं असलेल्या स्मरणिकेंत धर्मग्रामाच्या इतिहासाचें पहिलें प्रकरण अवघ्या चार ओळींचें कां, ह्याचें कारण ही वही होय. आपल्या आज्यापणज्यांविषयीं लिहिलेले कागद आपल्याच कपाटांत आहेत, आणि आपणांपैकीं एकासही ते वाचतां येत नाहींत. तेव्हां हा विषय पुण्यामुंबईचा आहे, असें आम्ही पुनः म्हणणार नाहीं.

दुसरें एक कारण घडलें. बारावीची परीक्षा उत्तीर्ण झालेली आपल्याच धर्मग्रामांतील एक मुलगी विद्यापीठांत परकीय भाषा घेऊन पदवी मिळवूं इच्छिते. तिची आई एके रविवारीं मिस्सा आटोपल्यावर आम्हांस आवारांत भेटली आणि म्हणाली, “सर, थे भासा सिकून पोरगी का करन जी?” प्रश्न साधा आहे, आणि तो विचारण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे, कारण शुल्क तिलाच भरावयाचें आहे, आणि लेक दूर गेल्यावर रिकामें घरही तिलाच सांभाळावयाचें आहे. त्या माउलीस आम्हीं त्या दिवशीं नीट उत्तर दिलें नाहीं. आज देण्याचा प्रयत्न करतों.

कोणीतरी अशी ‘भासा’ शिकला म्हणून आपण आज येथें ख्रिस्ती म्हणून एकत्र बसलों आहों. इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत इ. स. १५४९ च्या सुमारास जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास उतरले. त्यांच्या देशीं त्या काळीं कॅथलिकांचा छळ होत असे. म्हणून ते रोमला जाऊन येशूसंघांत दाखल झाले होते. ते येथें आले तेव्हां आपल्या भाषेचें छापील व्याकरण नव्हतें, आणि वर्ग भरविणारें विद्यापीठ तर नव्हतेंच. साष्टीच्या खेड्यापाड्यांतील माणसें हींच त्यांची पाठशाळा. चारच वर्षांनीं, १५८३ सालीं, आपल्या भावास धाडलेल्या पत्रांत त्यांनीं नमूद केलें कीं, ह्या देशींच्या भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे. सर विल्यम जोन्स यांनीं हेंच मत १७८६ सालीं कलकत्त्यास विस्तारानें मांडलें आणि त्यावरून एक नवें भाषाशास्त्र उभें राहिलें. परंतु साष्टींतील एका मिशनऱ्यास तें साम्य दोनशें वर्षें आधीं कानांनीं कळलें होतें. पुढें १६१६ सालीं रायतूर येथें त्यांचें ख्रिस्तपुराण छापून निघालें. अकरा हजारांच्या जवळपास ओव्या, त्याही रोमन अक्षरांत छापलेल्या. देवनागरींत तो ग्रंथ छापला जाण्यास १९५६ साल उजाडावें लागलें. ओवीचें वळण त्या इंग्रज माणसाच्या हाडींमाशीं इतकें खिळलें होतें कीं, मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्या कोणासही त्याला वगळून पुढें जातां आलेलें नाहीं. त्यांच्या मागोमाग फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतांतील फादर एत्येन द ला क्रुआ यांनीं संत पीटरचें पुराण मराठी ओव्यांतच रचलें. तें १६२९ ते १६३४ ह्या दरम्यान छापलें गेलें. म्हणजे मराठींत ओवी रचणारा फ्रेंच मनुष्य होऊन गेल्यास चारशें वर्षें होत आलीं. फ्रेंच भाषेंत दोन ओळी लिहूं शकणारा भंडारा जिल्ह्यांतील कॅथलिक मात्र आम्हांस शोधूनही सांपडला नाहीं.

१६१६ ह्या सालाविषयीं आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाहीं. त्या वर्षीं स्पेनचा सर्वांतेस व इंग्लंडचा शेक्सपिअर हे दोघे निवर्तले, हें शाळाकॉलेजांत शिकवितात. परंतु ज्या वर्षीं रायतूरला ख्रिस्तपुराण छापलें, त्याच वर्षीं संत फ्रान्सिस दि सेल्स यांचा ईश्वरप्रेमावरील महान ग्रंथ फ्रेंच भाषेंत प्रसिद्ध झाला, हें कोणी शिकवीत नाहीं. दोघांसही लॅटिन उत्तम येत होतें. विद्वानांची वाहवा मिळवावयाची असती तर दोघांनींही लॅटिनच निवडलें असतें. एकानें मराठी निवडली, दुसऱ्यानें सामान्य गृहस्थाश्रमी माणसांस कळेल अशी फ्रेंच. संत फ्रान्सिस हे पॅरिस व पादुआ ह्या दोन विद्यापीठांत शिकलेले, म्हणजे परदेशीं जाऊन विद्या केलेले. परतल्यावर त्यांनीं आनेसीसारख्या डोंगरांतील लहानशा गांवीं, १६०७ च्या सुमारास, मित्रांच्या साह्यानें एक विद्वत्सभा स्थापिली. पॅरिसची सुप्रसिद्ध फ्रेंच अकादमी १६३५ ची, म्हणजे त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळानें आलेली. लहान गांवांत मोठी विद्या होत नाहीं असें म्हणणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवावें.

आपला त्या आनेसीशीं संबंध साधासुधा नाहीं. तेथें १८३८ सालीं फादर मर्मिये यांनीं संत फ्रान्सिस यांच्या नांवानें एक मिशनरी संघ स्थापिला. १८४५ सालीं त्या संघाचे पहिले फादर हिंदुस्थानांत आले. १८८७ सालीं नागपूर धर्मप्रांत निर्माण होऊन त्याच संघाचे फादर अलेक्सी रिकाझ हे पहिले बिशप झाले. १९५३ पासून तें महाधर्मप्रांत आहे, आणि आपला भंडारा जिल्हा त्यांतच मोडतो. ते फादर मूळचे सॅव्हॉय प्रांतांतले. हा प्रांत १८६० सालीं फ्रान्समध्यें सामील झाला. त्यापूर्वीं तो सार्डिनियाच्या राज्यांत होता. तेथील भाषा मात्र फ्रेंचच. आपल्या कपाटांतील वही फ्रेंच कां, ह्याचें उत्तर येथें मिळतें. न्यायानें हेंही सांगितलें पाहिजे कीं, त्याच १८४५ सालीं स्कॉटलंडचे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप नागपुरास आले. ते आपल्या पंथाचे नव्हेत. तरी गोंड लोकांत हिंडून त्यांनीं जें लिंगोचें गीत टिपून घेतलें, तें त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ सालीं छापलें गेलें, आणि गोंडांच्या प्राचीन कथांचा शोध घेणारा प्रत्येक जण आजही त्याकडे वळतो.

ख्रिस्तसभेनें भाषाध्ययन केवळ मिशनऱ्यांच्या मर्जीवर सोडलें नव्हतें. व्हिएन येथील धर्मपरिषदेनें १३१२ सालीं ठराव केला कीं, पॅरिस, ऑक्सफर्ड, बोलोन्या व सालामांका ह्या विद्यापीठांत हिब्रू, अरबी व खाल्डियन भाषांचे अध्यापक नेमावे. ठराव सर्वत्र अंमलांत आला असें नाहीं. ठरावांचें नशीब सातशें वर्षांपूर्वींही आजच्यासारखेंच होतें. तथापि परक्याची भाषा ही विद्यापीठांत शास्त्रशुद्ध शिकण्याची वस्तु आहे, हा विचार त्यांत स्पष्ट आहे. आणि १७७८ सालीं, कॅरेसाहेबांच्या श्रीरामपुरी व्याकरणापूर्वीं सत्तावीस वर्षें, मराठी भाषेचें एक व्याकरण पोर्तुगीज भाषेंत लिहून छापलें गेलें, तें प्रत्यक्ष रोममध्यें.

आतां वहीकडे परत येतों. ही वही ज्यांची, त्या फादरांस आम्हीं लहानपणीं पाहिलें आहे. त्यांची मराठी येथल्या गाडीवानांकडून व शेतमजुरांकडून शिकलेली, म्हणून ती निव्वळ झाडीपट्टीची होती. फ्रेंच माणसाच्या जिभेस ‘ण’ आणि ‘ळ’ हीं अक्षरें पेलत नाहींत. परंतु आपल्या बोलींत पाण्यास ‘पानी’ आणि डोळ्यास ‘डोरा’ असेंच म्हणत असल्यामुळें त्यांचें हें व्यंग आपल्या लोकांच्या कधीं लक्षांतच आलें नाहीं. आम्हांस वाटे, हे अगदीं आपल्यासारखें बोलतात. पुढें नागपुरास शिकावयास गेल्यावर आम्हांस कळलें कीं, आपल्यासारखें बोलणें ही तेथें हंसण्याची बाब आहे.

एका श्रावणांत साकोलीच्या बाजूस दौऱ्यावर असतां फादरांस ताप भरला. त्यांना आमच्या घरीं आणलें. कारध्याजवळ वैनगंगेस पूर आलेला. पलीकडे भंडाऱ्यास नेण्याची सोय नव्हती, आणि नागपुराहून कोणी येणेंही शक्य नव्हतें. दोन दिवस ते आमच्या वडिलांशीं मराठींत बोलले. तिसऱ्या दिवशीं ताप मस्तकांत चढला आणि मराठी त्यांना सोडून गेली. रात्रभर ते एकच कांहीं मागत होते. आईनें पाणी दिलें. वडिलांनीं कांबळें पांघरलें, मग काढलें. क्रूस हातांत दिला. तो त्यांनीं कपाळास लावला, आणि पुनः तेंच शब्द उच्चारले. चिडले नाहींत, प्रत्येक वेळीं आमच्याकडे पाहून किंचित् हंसत. पहांटे तें मागणें थांबलें. त्या शब्दांपैकीं एक आमच्या कानांत राहून गेला : ‘ला फनेत्र’. पुढें जवळजवळ चाळीस वर्षांनीं, नागपुरास एका विद्यार्थ्याचें फ्रेंच भाषेचें पहिलें पुस्तक सहज चाळतांना एका पानावर खोलीचें चित्र दिसलें, आणि भिंतीवरील चौकटीखालीं तो शब्द छापलेला होता. त्याचा अर्थ खिडकी. पाऊस आंत येऊं नये म्हणून आईनें त्या खोलीची खिडकी घट्ट लावून घेतली होती.

ज्या मनुष्यानें उभें आयुष्य आपली भाषा शिकण्यांत घालविलें, त्याला शेवटच्या रात्रीं त्याच्या भाषेंतला एक शब्द समजणारें माणूस येथें मिळालें नाहीं. आमच्या आईवडिलांकडे ह्यांत दोष जात नाहीं. त्यांनीं जें हातांत होतें तें सर्व केलें. परंतु त्यांच्या नातवंडांस आज शिकण्याची सोय असतां तीं शिकलीं नाहींत, तर तसें म्हणतां येईल काय?

विद्यापीठांत ह्या विषयांत शिकवितात तरी काय, हें पालकांस ठाऊक नसतें. त्यांस वाटतें, बोलावयास शिकवीत असतील. बोलणें हा त्यांतला आरंभ. पुढें व्याकरण, उच्चारशास्त्र, भाषांतर, त्या देशाचा इतिहास, तेथील कथा-कविता-नाटकें, लोकांचे आचारविचार हें सर्व क्रमाक्रमानें येतें. आणि भाषेच्या एका लहानशा प्रत्ययांत एवढा समाज कसा दडलेला असतो, हें तेव्हां कळूं लागतें. एक उदाहरण देतों. फ्रेंच भाषेंत आपल्याप्रमाणेंच ‘तूं’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. १९६६ सालापर्यंत फ्रेंच कॅथलिक आपल्या रोजच्या प्रार्थनेंत स्वर्गीय पित्यास ‘आपण’ म्हणत असत. मराठींत आपण देवास नेहमीं ‘तूं’च म्हणत आलों. तेव्हां आमच्या घरीं राहिलेले ते फादर लहानपणीं आईच्या मांडीवर देवास आदरार्थी संबोधावयास शिकले आणि भंडाऱ्यास येऊन त्याला एकेरींत हांक मारूं लागले. हा पालट होतांना त्यांच्या मनांत काय झालें असेल, ह्याचा विचार करणें म्हणजेच संस्कृतींचा अभ्यास.

कित्येकांचा असा समज आहे कीं, ह्या भाषा इंग्रजी माध्यमाच्या मुलांसाठींच आहेत. आमचें मत अगदीं उलट आहे. जर्मन भाषेंत तीन लिंगें आहेत, आणि तेथें मुलीस नपुंसकलिंगी शब्द आहे हें ऐकून इंग्रजींत वाढलेलीं मुलें कपाळास हात लावतात. परंतु ‘तें पोर’, ‘तें लेकरूं’ असें म्हणत वाढलेल्या आपल्या मुलांस त्यांत नवल तें काय? जर्मन गौणवाक्यांत क्रियापद शेवटीं जातें. आपलें नेहमींच शेवटीं असतें. जर्मन मनुष्य एकविसास ‘एक आणि वीस’ म्हणतो, म्हणजे आपल्या एकविसाप्रमाणें एकं आधीं आणि दशक मागून. फ्रेंच मनुष्य ऐंशींस ‘चार वीस’ म्हणतो, आणि आपल्या आज्या बाजारांत ‘चार विसा’ मोजीत असत. ज्या गोष्टींस शहरांत गांवठी म्हणतात, त्याच पॅरिसमध्यें शिष्टसंमत आहेत ही मौज पाहण्यासारखी आहे. शिवाय युरोपीय शब्द आपल्या घरांत आधींच येऊन बसले आहेत. आपली मिस्सा, आपला नाताळ, भिंतीवरची खुंटी सोडून कुलुपाची चावी, विहिरीवरची बादली, पहिल्या तारखेचा पगार आणि बांधकामावरचें घमेलें हे सर्व पोर्तुगीजांकडून आलेले शब्द होत. बटाटाही त्यांचाच, पण आपल्याकडे त्यास आलू म्हणतात, म्हणून तेवढा सोडून देऊं.

सोय कोठें आहे तेंही सांगितलें पाहिजे. पुण्याच्या विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारांत नांवारूपास आला. मुंबई विद्यापीठांत फ्रेंच व जर्मन भाषांचे विभाग आहेत. हैदराबादेस इंग्रजी व परकीय भाषांचें स्वतंत्र केंद्रीय विद्यापीठ आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठांत ह्या भाषांत पदवीपासून संशोधनापर्यंत अभ्यास करतां येतो. जर्मन भाषेसाठीं पुण्यामुंबईस माक्स म्युलर भवन आहे. नागपुरासही परकीय भाषांचे वर्ग मिळतात, आणि तें आपणांस बसच्या एका प्रवासाइतकेंच दूर आहे. युरोप परिषदेनें २००१ सालीं भाषाज्ञानाच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या ठरवून दिल्या. कोणत्याही वर्गास नांव घालतांना तो कितव्या पायरीपर्यंत नेतो, हें आधीं विचारावें. पदवीनंतर युरोपीय संघाची एरास्मुस नांवाची योजना आहे. ती १९८७ सालीं सुरू झाली, आणि २००४ पासून इतर खंडांतील विद्यार्थ्यांसही तींतून दोनतीन देशांच्या विद्यापीठांत मिळून एक पदव्युत्तर अभ्यासक्रम शिष्यवृत्तीवर करतां येतो. ती ज्यांच्या नांवें चालते ते एरास्मुस कॅथलिक धर्मगुरू होते. ग्रीक नवा करार १५१६ सालीं छापून प्रसिद्ध करणारे ते हेच.

येथें एका धोक्याविषयीं बोलणें अवश्य आहे, आणि तो आमच्या मतें खर्चापेक्षां मोठा आहे. परभाषा शिकलेला मनुष्य आपल्या बोलीस लाजूं लागतो. आम्ही स्वतः लाजलों आहों. नागपुरास वसतिगृहांत असतां ‘डोरा’ म्हटल्याबद्दल झालेली थट्टा आम्हांस इतकी झोंबली कीं, सुटींत घरीं आल्यावर आम्हीं आईच्या तोंडचे शब्द सुधारावयास प्रारंभ केला. ती कांहीं बोलली नाहीं. मात्र त्या सुटीपुरती ती आमच्याशीं कमी बोलूं लागली. हें आम्हांस फार उशिरां उमगलें.

आणि गंमत पाहा, ज्या बोलींची आम्हांस लाज वाटली त्यांच्याच शोधांत युरोपचे विद्वान् येथें आले. मराठी भाषा कशी घडली ह्यावरील मूलगामी ग्रंथ झ्यूल ब्लॉक यांनीं फ्रेंच भाषेंत लिहिला; तो १९२० सालीं पॅरिसला निघाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनीं तो १९४१ सालीं मराठींत आणीपर्यंत आपलाच इतिहास आपणांस परक्याच्या भाषेंत कुलूपबंद होता; परांजप्यांस फ्रेंच येत होतें म्हणून तें कुलूप निघालें. येशूसंघाचे फादर गी दलरी यांनीं पंढरीच्या वारीचा अभ्यास करून तुकोबांचे अभंग फ्रेंच भाषेंत नेले. तें पुस्तक १९५६ चें. हायडेलबर्गचे ग्युंथर सोन्थायमर खंडोबा-बिरोबाच्या मागें धनगरांच्या वाड्यांवर हिंडले आणि १९७६ सालीं त्यांचा ग्रंथ जर्मन भाषेंत प्रसिद्ध झाला. फ्रेंच धर्मगुरू गी पोइटव्हँ पुण्यास स्थायिक होऊन भारताचे नागरिक झाले, आणि हेमा राईरकर यांच्यासह त्यांनीं जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ह्यांतला कोणीही शहरी, प्रमाण मराठीपुरता थांबला नाहीं. खुद्द आपल्यांतही, वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० सालीं उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. बायबल सुबोध मराठींत आणणारा हा धर्मगुरू बोलतांना आपली वसईची माती कधीं झटकीत नसे. तेव्हां जी मुलगी फ्रेंच शिकावयास जाईल, तिनें आपली झाडीबोली वसतिगृहाच्या दाराबाहेर ठेवूं नये. ती बोली आणि फ्रेंच ह्या दोन्ही येणारीं माणसें जगांत फार थोडीं असतील. ती वही वाचावयास नेमकें तसेंच माणूस लागेल, कारण फादरांनीं फ्रेंच वाक्यांत आपल्या गांवचे शब्द जसे कानांवर पडले तसे लिहून ठेवले आहेत. पुण्याच्या पंडितास ते कळणार नाहींत.

पोटापाण्याचा प्रश्न आम्ही टाळणार नाहीं. भाषा येणारास भाषांतर, पर्यटन, परदेशी कंपन्यांचा पत्रव्यवहार, शाळाकॉलेजांतील अध्यापन अशीं कामें मिळतात. सर्वांसच मिळतात असें आम्ही म्हणत नाहीं, आणि पहिलीं वर्षें ओढाताणीचीं जातात. जर्मनीस परिचारिका व कुशल कामगार हवे आहेत; महाराष्ट्र शासनानें २०२४ सालीं त्या देशांतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशीं ह्याविषयीं करारही केला. आपल्या मुलींपैकीं ज्या परिचारिका आहेत, त्यांस हें ठाऊक आहेच. परंतु तेथें रुग्णाचें दुखणें त्याच्या भाषेंत समजावें लागतें, आणि त्यासाठीं सहांपैकीं निदान तिसरी-चौथी पायरी चढावी लागते. तें तीन महिन्यांत होत नाहीं. आमच्या ओळखीच्या एका तरुणानें ‘तीन महिन्यांत भाषा, सहाव्या महिन्यांत व्हिसा’ असें सांगणाऱ्या एका दलालास शेतीचा तुकडा गहाण टाकून पैसे दिले. भाषा आली नाहीं, व्हिसा आला नाहीं, आणि तुकडा अद्याप गहाणच आहे. परीक्षेचें प्रमाणपत्र कोणती मान्य संस्था देते, हें लेखी पाहिल्याशिवाय कोणीही एक पैसा देऊं नये.

तेव्हां त्या माउलीस आमचें उत्तर असें. तुमची लेक ही भाषा शिकून श्रीमंत होईल, असें वचन आम्ही देत नाहीं. नोकरी लागेपर्यंत तुम्हांस वाट पाहावी लागेल, कदाचित् शेजारणीच्या मुलीपेक्षां दोन वर्षें अधिक. परंतु जें काम ह्या धर्मग्रामांत पन्नास वर्षांत कोणास करतां आलें नाहीं, तें तिला करतां येईल. आणि एकट्या आईबापांनींच तो भार कां वाहावा? महोत्सवासाठीं जमलेल्या निधींतून खर्च वजा जातां जी शिल्लक राहील, तींतून दरवाज्यावर कमान उभारण्याचा विचार समितीपुढें आहे असें आम्हीं ऐकतों. कमान सुंदर दिसेल ह्यांत संशय नाहीं. पण पूज्य फादरांस व समितीस आमची विनंति आहे कीं, ती आणखी कांहीं वर्षें थांबवून त्या रकमेंतून एका विद्यार्थ्याचें, मग तो मुलगा असो वा मुलगी, तीन वर्षांचें शुल्क द्यावें. ह्या विनंतींत आमचा स्वार्थ आहे, हेंही कबूल करतों. डोळे शाबूत आहेत तोंवर त्या वहींत आमच्या वडिलांचें नांव कोठें आलें आहे काय, तें आम्हांस ऐकावयाचें आहे.

वहीस दोन दिवस ऊन दाखवून, कडुलिंबाचा पाला घालून स्वच्छ फडक्यांत बांधली आहे, आणि तिच्या प्रत्येक पानाचें छायाचित्र घेतलें आहे. गेल्या आठवड्यांत ती मुलगी कार्यालयांत आली होती. कोणाचें तरी जुनें फ्रेंच पुस्तक मिळवून ती घरींच धडे गिरवीत आहे. तिनें वही उघडली आणि बराच वेळ पहिल्या पानावर बोट फिरविलें. वरची तारीख तिला लागली, आणि तिसऱ्या ओळींतला एक शब्द. ‘पाऊस,’ ती म्हणाली.